न आलेला भाडेकरू

बरेच दिवस इकडे काही लिहिणं झालं नाही. मोतीबिंदूचं निमित्त होतं, शिवाय आळस होताच. आज लिहायला बसलो ते पुण्याच्या भाच्यामुळे. खरं तर त्याच्या फोनला आता बराच काळ लोटला, पण विषय डोक्यातून जात नाही.

२०२३ सालच्या दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, मी माझ्याच घरात राहतो, हे मला महानगरपालिकेला लिहून द्यायचंय. पुराव्यासकट!" मी हसलो. तो काही हसला नाही. पुण्यात १९७० पासून स्वतःच्या घरात राहणाऱ्याला घरपट्टीत सवलत होती. घराचं जे भाडं धरायचं, ते चाळीस टक्के कमी धरायचे. मध्यंतरी ती सवलत गेली, २०२३ साली राज्य सरकारच्या निर्णयाने परत आली. पण मधल्या काळात ज्यांची सवलत गेली होती त्यांना पीटी ३ नावाचा अर्ज भरून द्यायचा होता, आणि सोबत मतदार ओळखपत्र, गॅसकार्ड, सोसायटीचं पत्र असं काहीबाही. भाच्याचं म्हणणं, "मी सोडून दुसरं कोण राहणार माझ्या घरात?"

मी त्याला म्हटलं, राहतो ना दुसरा एक. कायद्याच्या लेखी तुझ्या घरात एक भाडेकरू राहतो. तो कधी आला नाही, येणार नाही, पण त्याने किती भाडं दिलं असतं यावर तुझी घरपट्टी ठरते. त्या भाडेकरूशी माझीही जुनी ओळख आहे. ती सगळी हकिकत फोनवर सांगण्यासारखी नव्हती, म्हणून इथे लिहितो.

आधी शब्दाबद्दल. आमच्या मास्तरकीत पट्टी म्हणजे हातावर बसणारी. पण पट्टीचा करवसुली हा अर्थही चांगला जुना आहे. पेशवाईतल्या कागदांत म्हैसपट्टी, घरपट्टी अशा पट्ट्या आहेत, लग्नटका आहे, कारागीर-दुकानदारांवरचा मोहतर्फा आहे. त्यात घर हे एक निमित्त. घर आहे ना, मग द्या. घराचं भाडं किती आलं असतं असली कल्पना तिथे नाही.

ही कल्पना इंग्रजांची. त्यांच्याकडे गावातल्या गरिबांना पोसायला घरा-जमिनीवर कर घ्यायचा कायदा १६०१ सालापासून होता. पण प्रत्येक पॅरिश आपल्या मनाने आकारणी करी, त्यामुळे भांडणं फार. म्हणून १८३६ साली त्यांनी एक कायदा केला आणि त्यात मोजमाप ठरवून टाकलं: ही मालमत्ता वर्षाच्या बोलीने भाड्याने दिली तर वाजवीपणे किती भाडं येईल अशी अपेक्षा करता येईल, तेवढं तिचं मूल्य, त्यातून दुरुस्ती वगैरेचा खर्च वजा. हे वाक्य जहाजात बसून इकडे आलं. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात ते आहे, दुरुस्तीपोटी सरसकट दहा टक्के वजावटीसह. तिथून ते आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. मला नोटीस आली तेव्हा तिच्यावर "वार्षिक भाडेमूल्य" असा रकाना होता. त्यातला आकडा वाचून मी बायकोला विचारलं होतं, की आपण कुणाला खोली दिली आहे का म्हणून!

पण त्या नोटिशीच्या आधी काशीला जाऊन येऊ. घरपट्टीला हरकत घेण्याची याहून मोठी गोष्ट मला तरी माहीत नाही.

६ ऑक्टोबर १८१० ला कंपनी सरकारने बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारसमधल्या शहरांतल्या घरांवर कर बसवला. तोही भाड्याच्या हिशेबाने. १८३६ चं ते वाक्य छापायच्या कितीतरी आधी भाड्याचा हा हिशेब इकडे येऊन पोचला होता तर. डिसेंबरात काशीत अंमलबजावणी सुरू झाली आणि शहर उठून गावाबाहेर जाऊन बसलं. बसलं म्हणजे अक्षरशः. घरंदारं सोडून मैदानात धरणं. सरकारी अहवालांतच वीस हजारांवर माणसं बसल्याचा उल्लेख आहे. लोहारांनी गावोगावच्या लोहारांना बोलावणी धाडली, नावाड्यांनी नावा बांधून ठेवल्या, दुकानं बंद. अंत्यसंस्कार करायला माणसं मिळेनात म्हणून प्रेतं तशीच गंगेत सोडावी लागली, असं साहेबाने लिहून ठेवलंय. काशीत!

हे सगळे कागद धरमपाल या अभ्यासकांनी शोधून १९७१ साली पुस्तकात छापले. मला त्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो लोकांनी सरकारला दिलेला अर्ज. कर जास्त आहे, आधीच स्टँपाचा आणि जकातीचा भार आहे, हे त्यात आहेच. पण आणखी एक मुद्दा आहे. घर ही जगण्याची गरज आहे, विकून खायची किंवा नफा कमवायची वस्तू नाही. सावकारसुद्धा कर्जापोटी राहतं घर मागू शकत नाही, मग सरकार त्यावर हात कसा टाकतं? म्हणजे त्या लोकांनी रकमेवर नव्हे, त्या भाडेकरूवरच हरकत घेतली होती. आमच्या घरात आम्ही राहतो, भाड्याचं नाव काढू नका.

सरकार लगेच काही नमलं नाही. फौज आणली, लोकांना परत घरी पाठवलं. पण १८१२ साली तो कर रद्द झाला. आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट नव्हती. तीसहून जास्त वर्षं मी इतिहास शिकवला आणि बनारसचा घरपट्टीचा हरताळ मला निवृत्तीनंतर कळला! बोस्टनच्या चहाची खोकी मात्र दर वर्षी समुद्रात टाकत होतो.

मुंबईचं प्रकरण निराळं. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. मोठा कर्ता माणूस. बाजार बांधला, रस्ते, गटारं, सगळं धडाक्यात. खर्चही धडाक्यात. पट्टी भरणाऱ्यांना ते झेपेना, आणि १८७१ साली मोठी चळवळ झाली. नौरोजी फर्दुनजींसारखे लोक तिच्यात पुढे होते. सगळा रोख क्रॉफर्डवर. तेव्हा सव्वीस वर्षांचे फिरोजशहा मेहता भर सभेत उठून म्हणाले की दोष या एका माणसाचा नाही. ज्यांच्यावर देखरेखीचं काम आहे ते सरकारने नेमलेले जस्टिस लोक निजले होते. पट्टी भरणाऱ्यांनी निवडलेली मंडळी तिथे बसवा. सभेला ते मुळीच आवडलं नाही. पण झालं जवळपास तसंच. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका झाली, त्यातले निम्मे पट्टी भरणाऱ्यांनी निवडायचे. १८७३ साली निवडणूक झाली.

म्हणजे आपण आज नगरसेवक निवडतो त्याची एक मुळी घरपट्टीच्या तक्रारीत आहे. फक्त मत मिळालं ते ठरावीक पट्टी भरणाऱ्याला. चाळीतल्या खोलीत खरोखर भाडं भरून राहणाऱ्या गिरणीकामगाराला नाही. खऱ्या भाडेकरूला मत नाही आणि खोट्याच्या नावाने हिशेब. असो.

आता आमच्याकडे येतो. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात, नंतर हैदराबाद राज्यात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबईत आणि १९६० पासून महाराष्ट्रात. माणसं जागेवरच, कायदे बदलत गेले. नगरपालिकांना आधी हैदराबादचा कायदा होता. पुढे मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्हीकडचे वेगवेगळे कायदे मोडून १९६५ चा एक कायदा झाला. त्यात दर चार वर्षांनी आकारणी नव्याने करायची तरतूद आहे. यादी तयार झाली की कलम ११९ खाली नोटीस, आणि मुदतीत हरकत. मग नगररचना खात्याचा अधिकारी सुनावणी घेतो. ऐकायला सगळं ठीक आहे.

२००९ साली आमच्या गावी अशी फेरआकारणी झाली. गावाचं नाव लिहीत नाही. मोजणीचं काम एका एजन्सीकडे होतं. तिची दोन पोरं आमच्या गल्लीत आली, एका बाजूने टेप धरला, पारावर बसून चहा घेतला आणि गेली. महिन्या-दीड महिन्याने नोटीस. आमचं नव्वद चौरस मीटरचं सगळं घर आरसीसी लिहिलेलं.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमचं पुढचं घर वडिलांच्या वेळचं, माळवदाचं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर वीतभर माती. दर उन्हाळ्यात वर चढून पांढरी माती टाकायची, नाहीतर पावसाळ्यात घरात ठिकठिकाणी पातेली मांडून बसायचं. उन्हाळ्यात मात्र तिथे झोपावं, पंखासुद्धा नको. असं पन्नास चौरस मीटर. मागच्या चाळीस मीटरच्या दोन खोल्या तेवढ्या मी नोकरीत असताना कर्ज काढून बांधल्या, त्या आरसीसी.

हिशेब सोपा आहे. आमच्या भागात आरसीसीला महिन्याला चौरस मीटरमागे सहा रुपये भाडं धरलं होतं, माळवदाला अडीच. त्यांच्या हिशेबाने माझं वार्षिक भाडं ६४८०. दहा टक्के वजा जाता ५८३२. त्यावर सगळे कर मिळून तीस टक्के, म्हणजे साडेसतराशे. खरं भाडेमूल्य यायला हवं होतं ४३८०, आणि कर अकराशे त्र्याऐंशीच्या आसपास. फरक साडेपाचशेचा. पेन्शनरला तो लहान नाही, पण खरं सांगायचं तर मला राग आला तो वडिलांच्या माळवदाला कुणी वर न बघताच स्लॅब म्हटलं याचा.

हरकत लिहिली, दोन प्रती केल्या, आवक शिक्का मारून पोच घेतली. सुनावणीला पुरावा म्हणून घराचं खरेदीखत नेलं. ते उर्दूत, तारीख फसली १३५५, म्हणजे इसवी सन १९४५ च्या सुमाराची. वडिलांना उर्दू यायचं, मला ओळखीपुरतं. साहेबांना अजिबात नाही. ते म्हणाले, "गुरुजी, हे मी कसं वाचू?" मला अंदाज होताच, म्हणून उर्दू शाळेतल्या माझ्या एका जुन्या मित्राला सोबत नेलं होतं. त्याने चष्मा पुसला आणि चतुःसीमा मोठ्याने वाचल्या, मग घराचं वर्णन, आणि त्यात "मिट्टी की छत" आलं तेव्हा थांबून साहेबांकडे बघितलं. सगळं दालन ऐकत होतं. निजामाच्या स्टँपवरचा कागद महाराष्ट्राच्या कायद्याखाली माझ्या बाजूने साक्षीला उभा राहिला.

साहेब माणूस चांगला होता. दुरुस्ती लिहिली. मग मी आगाऊपणा करून विचारलं, "साहेब, पण हे भाडं मला देतो कोण?" ते म्हणाले, "देतो असं कुठे म्हणतोय आम्ही? आलं असतं."

या "आलं असतं"वर आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले आहेत. दिल्लीच्या देवान दौलतराय कपूर यांच्या खटल्यात डिसेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. भाडेनियंत्रणाचा कायदा असताना घरमालकाला प्रमाणभूत भाड्याहून जास्त भाडं कायद्याने घेताच येत नाही. मग कल्पनेतल्या भाडेकरूकडून तरी ते जास्त कसं येईल? तेव्हा मालक स्वतः राहत असला, आणि प्रमाणभूत भाडं कुणी ठरवून घेतलेलं नसलं, तरी करासाठी तीच मर्यादा. मला हा निकाल फार आवडतो. भाडेकरू काल्पनिक असला तरी कायदा पाळणारा पाहिजे!

अर्थात याची दुसरी बाजू आहे, आणि ती लिहिली नाही तर माझे नगरपालिकेतले माजी विद्यार्थी मला सोडणार नाहीत. भाडी गोठली तशी जुन्या घरांची पट्टीही गोठली, आणि गटारं, दिवे, नळ चालवायचे कुठून हा प्रश्न उभा राहिला. म्हणून हळूहळू भाड्याचा नाद सोडून घराच्या बाजारभावावर कर घ्यायची पद्धत आली. मुंबईत ती २०१० पासून. तिथे भाडेकरू गेला आणि त्याच्या जागी कधी न येणारा गिऱ्हाईक बसला. पुढे जागेवर किती मजले चढवता येतील तेही आजच्या किमतीत धरायचे नियम होते. ते मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. आज जे उभं आहे त्यावर कर घ्या, उद्या उभं राहील त्यावर नको. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना तर २०२२ पासून करमाफीच आहे. काशीकरांचा मुद्दा दोनशे वर्षांनी निदान पाचशे फुटांपुरता तरी कुणी ऐकला.

हे सगळं वाचलेलं सांगितलं. आता जे सांगायचं राहिलंय ते सांगतो.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. मालक वारलेले, मुलगा पुण्याकडे कंपनीत. दोन खोल्या, दोन्ही माळवदाच्या. एजन्सीच्या पोरांनी गल्लीत ओळीने सगळ्यांची घरं आरसीसी लिहिली होती, त्यात मावशींचंही. त्यांची नोटीस दाराला चिकटवून गेले होते. त्यांनी ती सोडवून, घडी करून, देवाच्या फळीवर ठेवली. सरकारी कागद म्हणून जपून!

माझी सुनावणी झाली, मी पेढे वाटले. पेढा हातात घेऊन मावशी म्हणाल्या, "गुर्जी, तसला कागूद मलाबी आलाय बघा." मुदत संपून अकरा दिवस झाले होते. कायदा असा आहे की पुढे अपील करायचं तर आधी मुदतीत हरकत घेतलेली असावी लागते. ज्याने हरकत घेतली नाही, त्याचं अपील चालत नाही. मी अर्ज लिहून दिला, मुख्याधिकाऱ्यांना दोनदा भेटलो. "पुढच्या आकारणीला बघू" एवढंच उत्तर मिळालं.

नगरपालिकेला दोष देता येतो आणि मी तो बरीच वर्षं दिला. पण एक भिंत सोडून माझं घर. माझी नोटीस मी चार वेळा वाचली, कलम शोधलं, उर्दू वाचणारा माणूस शोधला, झेरॉक्स काढल्या. त्या तीस दिवसांत शेजारच्या दाराला चिकटवलेला कागद मी येता-जाता बघत होतो. बाई वाचू शकत नाहीत हे मला ठाऊक होतं. गावभराला अक्षर शिकवणारा मी, आणि मला एकदाही वाटलं नाही की थांबून तो वाचून दाखवावा.

चार वर्षं त्या जास्तीची पट्टी भरत राहिल्या. दर वर्षी बिल आलं की माझ्याकडे घेऊन यायच्या, मी रकाने वाचून दाखवायचो. पहिल्या वर्षी "वार्षिक भाडेमूल्य" वाचलं तर म्हणाल्या, "माज्या घरात भाड्यानं कोन राहतंय म्हून लिवलंय?" मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "राहतोच म्हनता, तर सांजंला दिवा लावत जा म्हनावं त्याला."

२०१३ साली पुढची नोटीस लागली. त्या दिवशी मी आधी त्यांच्या दाराला लागलेली वाचली आणि मग माझी. गल्लीतल्या एकोणीस जणांच्या हरकती ओट्यावर बसून लिहिल्या, सगळ्यांच्या पोचा घेतल्या. सुनावणीला मावशींना रिक्षात बसवून नेलं. पण त्यांचं माळवद तेव्हा उरलं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात एक तुळई खचली, मुलाने येऊन माती उतरवली आणि वर पत्रे टाकून दिले. साहेब नवे होते. त्यांनी विचारलं, "आजी, छत कशाचं आहे?" मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "गुर्जी, माळवदाचं भाडं कमी धरत्यात का पत्र्याचं?"